हात वर न करणाऱ्यांची उत्तरे

मोठ्या वर्गात प्रश्न विचारला की ठरावीक चार-पाच हात वर होतात आणि उरलेल्या विद्यार्थ्यांना विषय कितपत समजला, हे शिक्षकाला परीक्षेपर्यंत कळत नाही, ही अडचण मला अध्यापनात सर्वांत अधिक सलत आली आहे. म्हणूनच मोबाइलवरून निनावी मत नोंदवण्याची सोय मला मोलाची वाटते.

हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक माझूर यांनी १९९१ मध्ये सुरू केलेली पद्धत येथे मार्गदर्शक ठरते. संकल्पनेवरचा एक प्रश्न विचारायचा, प्रत्येकाने आधी स्वतंत्रपणे उत्तर नोंदवायचे, मग शेजाऱ्याला आपले कारण पटवून द्यायचे आणि पुन्हा मत द्यायचे. साधारण ३० ते ७० टक्के उत्तरे बरोबर असतील तेव्हाच ही चर्चा फलदायी होते. त्याहून कमी असल्यास संकल्पना पुन्हा समजावणेच योग्य. माझ्या मते पहिल्या मतदानाचा आलेख चर्चेआधी पडद्यावर दाखवू नये, कारण बहुमत दिसताच विद्यार्थी विचार करणे सोडून त्याच्यामागे जातात.

प्रश्न रचायला मात्र वेळ लागतो, कारण चुकीचे पर्यायही विद्यार्थ्यांच्या खऱ्या गैरसमजांतूनच घ्यावे लागतात. मूडलसारख्या ऑनलाइन अध्यापन-प्रणालीवर केवळ टिपणे चढवून ठेवण्यापेक्षा तासाच्या आदल्या दिवशी तिथेच दोन प्रश्न विचारावेत आणि आलेल्या उत्तरांवरून दुसऱ्या दिवशीचा तास आखावा, असे मी आता करते.