पिकअपची बॅटरी, ड्रोनचा चार्जर अन मधली वायर

दारव्ह्याले माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. सेल्फ, डायनॅमो, वायरिंग, बॅटरी, रोजचं काम हेच. फवारणीच्या दिवसात वावरातून फोन येतात ते गाडी स्टार्ट होत नाही म्हणून, तसाच हा पण होता. ताई म्हणाल्या, "भाऊ, पिकअप बंद पडली, एक चार्ज बॅटरी घेऊन या न." जाऊन पाहतो तर धुऱ्यावर पिकअप उभी, बॉनेट उघडं, बॅटरीला मगरचिमटे लावलेले, त्याच्यातून घरगुती फिटिंगची वायर पार निंबाच्या सावलीपर्यंत गेलेली, आणि तिकडे स्टुलावर ड्रोनच्या बॅटरीचा चार्जर बीप बीप करून राहिला.

ड्रोन बचत गटाचा, ताई उडवतात, भाचा औषध भरतो. जनरेटर दुरुस्तीला गेलेला. शेतीच्या फिडरची त्या आठवड्यात रात्रपाळी, म्हणजे दिवसा लाइन नाही. चार्जरवर डीसी इनपुट लिहिलेलं होतं तर भाच्यानं गाडीची बॅटरी जोडली, यात त्याचं काही चुकलं नाही, हॉबीवाले चार्जर बनतातच त्यासाठी. पण चार्जर दोन मिनिटं चाले आणि बंद पडे. ज्यांनी विकला त्यांच्या माणसाला फोन केला तर तो म्हणे चार्जर गेला, नवा घ्या. न पाहता, न मोजता, फोनवरच! मला या गोष्टीचा फार राग येतो. मीटर लावायला एक मिनिट लागतं.

मी आधी सोबत नेलेली बॅटरी लावून दिली, म्हणजे गाडीचा प्रश्न मिटला. मग चार्जर चालू असताना मोजलं. बॅटरीच्या टर्मिनलवर १२.२ व्होल्ट, चार्जरच्या तोंडाशी १०.१. दोन व्होल्ट वायरीत आणि चिमट्यात जिरून राहिले होते, चिमट्याला हात लावला तर चटका. लोड नसताना, म्हणजे चार्जर करंट ओढत नसताना, मोजलं की दोन्हीकडे सारखेच दिसतात, म्हणून भाचा म्हणे व्होल्ट तर बरोबर आहे काकाजी. बाप्पा, व्होल्टेज ड्रॉप लोडवरच मोजायचा असतो, दुकानात येणाऱ्या अर्ध्या मेकॅनिकांना पण हे सांगून सांगून मी थकलो.

हिशोब असा आहे. चार्जर ३०० वॅट बाहेर देतो, थोडं आत जळतं, म्हणजे १२ व्होल्टवर तो जवळपास ३० अँपिअर ओढतो. २.५ स्क्वेअर एमएमची वायर, जाऊन-येऊन दहा मीटर, तिच्यात ३० अँपिअरला दोन व्होल्टच्या वर पडतातच. वरून चार्जरला वॅट पुरे करायचे असतात, व्होल्ट उतरला की तो अँपिअर वाढवतो, अँपिअर वाढला की वायरीत अजून व्होल्ट पडतो, असं करत तो इनपुट लो दाखवून थांबतो. चार्जर शाबूत होता. मी वायर कापून टाकली, वेल्डिंगची १६ स्क्वेअर एमएम केबल मीटरभर, टोकाला लग म्हणजे धातूची कडी दाबून थेट टर्मिनलच्या बोल्टला, प्लसवर बॅटरीच्या जवळच ४० अँपिअरचा फ्यूज. चार्जर गाडीजवळ आणला, ड्रोनची बॅटरी, म्हणजे पॅक, तिथं आणून लावा म्हटलं. चार्जरच्या तोंडाशी ११.९ आले आणि तो गुपचूप चालू लागला. फार बरं वाटलं.

पण त्यानं गाडीची बॅटरी मोठी होत नाही न. ड्रोनच्या पॅकमध्ये सहा सेल, २२.२ व्होल्ट, १६ अँपिअर-अवर, म्हणजे ३५५ वॅट-अवर, आणि ड्रोनला असे दोन पॅक एकदम लागतात. पिकअपची ६५ अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर ७८० वॅट-अवर, त्यातलं अर्धंच काढायचं, कारण तिच्या प्लेटा पातळ असतात, सेल्फ मारायला बनवलेल्या, खोल उतरवली की प्लेटांवर सल्फेटचा थर धरते. म्हणजे पॅकांची एक जोडी पण पुरी भरत नाही, आणि ती जोडी एखाद-दीड एकरात रिकामी. इंजिन चालू ठेवलं तरी आयडलवर अल्टरनेटर, म्हणजे गाडीचा डायनॅमो, पुरे अँपिअर देत नाही. भाचा तर चालू गाडीवर टर्मिनल काढून दुसरी बॅटरी लावायच्या बेतात होता, मी हातच धरला त्याचा, अशानं व्होल्टेज उसळून गाडीचा कंट्रोलर उडतो.

मग ताईंच्या घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर, म्हणजे खोल उतरवता येणारी बॅटरी, आणि गटातल्या दुसऱ्या बाईच्या घरची तशीच एक, दोन्ही सिरीजमध्ये, म्हणजे एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला जोडून, २४ व्होल्ट. चार्जरवर १० ते ३० व्होल्ट लिहिलेलं पाहूनच जोडल्या. व्होल्ट दुप्पट म्हणून करंट अर्धा झाला, आणि अर्ध्यापर्यंत उतरवल्या तरी पाचेक पॅक भरतात. उचलायला दोन माणसं लागतात हे खरं. रात्री घरी चार्ज, दिवसा वावरात.

एवढी धडपड मी का केली तर २०१७ मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसएक माणसं गेली. पाठीवर पंप घेऊन डोक्याएवढ्या पऱ्हाटीत शिरणं मी पाहिलेलं आहे. ड्रोन उडाला तर माणूस त्या औषधाबाहेर राहतो. तो एका वायरीपायी धुऱ्यावर बसून राहणं मला सहन होत नाही. उडवायचं शिकवतात, बॅटरी कोणी शिकवत नाही.

आता जे डोक्यात आहे ते सांगतो. एका पॅकचे सेल मोजले तर पाच ३.९ व्होल्टवर आणि तिसरा ३.७. सेल सारखे करायचं काम हा चार्जर अगदी शेवटी करतो, आणि हे चार्जिंग तर दरवेळी मधातच तुटत होतं. त्यानं फरक वाढत गेला असेल का सेलच थकला आहे? दुकानात आणून कमी अँपिअरवर बॅलन्स मोडमध्ये पूर्ण भरला, सगळे ४.२० वर आले. रात्रभर ठेवला. सकाळी पाच जागच्या जागी, तिसरा ४.१५. हे ना इकडं ना तिकडं. मी म्हटलं हा उडवू नका, लोडवर एक सेल बसला तर ड्रोन औषधासकट खाली येते. ताई म्हणाल्या, "भाऊ, एक पॅक बाजूला ठेवला तर त्याचा जोडीदार पण बसते, मग दिवसाचे एकर कुठून काढू?" बरोबर आहे त्यांचं. पॅक अजून माझ्याकडेच आहे, आज पुन्हा भरून लोड लावून मोजतो.