यीस्ट वाढलं वेळेत, रिपोर्ट अडला एका रकान्यात

नवजात बाळाच्या रक्ताच्या कल्चरची बाटली पॉझिटिव्ह आली, ग्रॅम स्टेनमध्ये (रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना) अंकुर फुटलेल्या यीस्टच्या, म्हणजे एकपेशी बुरशीच्या, पेशी दिसल्या, लॅबने लगेच फोन केला. इथपर्यंत तक्रारीला जागा नाही. घोडं पेंड खातं ते पुढे, कोणतं औषध लागू पडेल हे सांगणारा रिपोर्ट मिळवताना.

आमच्या गोव्यातल्या हॉस्पिटलात ही चाचणी होत नाही. बाटलीतून उगवलेली यीस्टची वाढ राज्याबाहेरच्या संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठवतो. तिच्या फॉर्मवर ‘प्रजाती’ हा रकाना सक्तीचा. आम्ही तो रिकामा ठेवला, तर नमुना न उघडता परत! अहो, प्रजाती कळावी म्हणूनच तर पाठवतोय. तीच कळली तर निम्मा प्रश्न सुटतो: कँडिडा या यीस्टच्या प्रजातींपैकी क्रुसेईवर फ्लुकोनाझोल हे नेहमीचं बुरशीविरोधी औषध मुळातच चालत नाही, ग्लाब्राटावर भरवसा कमी, ऑरिसवर बहुतेक वेळा नाहीच. फोन केला तर ‘सिस्टिम पुढे जात नाही’. मेल केला तर नवा फॉर्म, त्यावर विभागप्रमुखांची सही-शिक्का. त्यात चवथीच्या सुट्ट्या, कुरिअर बंद. सहा दिवस गेले ते कागदापायी. चाचणी स्वतः 24 तासांची.

तोडगा साधा निघाला. रकान्यात ‘यीस्ट, प्रजाती अनिश्चित, जर्म ट्यूब निगेटिव्ह’ असं लिहायचं. यीस्ट सीरममध्ये 37 अंशांवर दोन-तीन तास ठेवून नळीसारखा कोंब फुटतो का हे पाहायची ही जर्म ट्यूब परीक्षा कुठलीही लॅब करते. पॉझिटिव्ह आली तर बहुधा अल्बिकन्स. शिवाय क्रोमोजेनिक अगारवरचा (प्रजातीनुसार वेगळा रंग देणाऱ्या माध्यमावरचा) रंग लिहा: निळसर म्हणजे ट्रॉपिकॅलिसचा संशय, गुलाबी खरखरीत म्हणजे क्रुसेईचा. एकाच बाटलीत दोन प्रजाती असतील तर त्याही इथेच वेगळ्या दिसतात. प्रजाती ओळखणाऱ्या जुन्या यंत्राने ‘हेम्युलोनाय’ (कँडिडाचीच दुसरी प्रजाती) म्हटलं तर आधी ऑरिसचाच संशय धरा. बाळ वेगळं ठेवा आणि पृष्ठभाग पुसायला हायपोक्लोराइट घ्या, क्वाटर्नरी अमोनियमच्या जंतुनाशकावर विसंबू नका.

वाढ पाठवायची ती साबुरो अगारच्या (बुरशी वाढवायच्या माध्यमाच्या) तिरक्या नळीत, झाकण घट्ट, तीन थरांच्या पॅकिंगमध्ये. बर्फ लागत नाही. एक नळी स्वतःकडे ठेवाच. प्लेट काही दिवसांत फेकली जाते आणि परत पाठवायला काही उरत नाही. हे आम्हाला उशिरा सुचलं.

फॉर्मवर नसलं तरी हाताने लिहावं: आधी फ्लुकोनाझोल दिलं होतं का, किती दिवस. प्रतिबंधक म्हणून आठवड्यातून दोनदा ते घेत असलेल्या अगदी कमी वजनाच्या बाळाला तरीही संसर्ग झाला, तर उपचाराला तेच औषध निवडू नये.

रिपोर्टची वाट पाहत उपचार थांबवायचे नाहीत. नवजात बाळाला अँफोटेरिसिन बी डीऑक्सिकोलेट हे बुरशीविरोधी औषध, दिवसाला किलोमागे 1 मिलिग्रॅम. ते 5 टक्के डेक्स्ट्रोजमध्येच, सलाइनमध्ये साका होतो. सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) शक्य तितक्या लवकर काढा. डोळ्यांची तपासणी आणि पाठीतल्या पाण्याची तपासणी विसरू नका. 14 दिवस मोजायचे ते पहिल्या निगेटिव्ह कल्चरपासून, औषध सुरू केल्यापासून नव्हे.

रिपोर्ट आला की आकडा प्रजातीशी ताडून वाचा. अल्बिकन्स, ट्रॉपिकॅलिस, पॅराप्सिलोसिसला फ्लुकोनाझोलचा एमआयसी (वाढ रोखणारी औषधाची किमान मात्रा, मिलिलिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये) 2 किंवा कमी असेल तर लागू, 8 किंवा जास्त असेल तर प्रतिरोधी. ग्लाब्राटाला हे आकडे लावू नका. ट्रॉपिकॅलिसची नळी 48 तासांनी वाचली तर मागे रेंगाळलेली पुसट वाढ खोटा प्रतिरोध दाखवते, म्हणून किती तासांनी वाचलं ते विचारा.

आणि हो, भरलेल्या फॉर्मची झेरॉक्स फाइलला लावा. दुसऱ्या खेपेला ‘फॉर्म मिळालाच नाही’ म्हणाले, तेव्हा तीच पाठवली.