मारवाडी घोडीची नोंदणी : माझा अनुभव

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात घोडीचं मोल कान आणि अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांवर ठरतं. मारवाडी जातीची म्हणून नोंदणी करताना परीक्षकांनी मात्र आधी पाय पाहिले. तयारी त्या हिशेबानं करावी.

मोजणीच्या आठ-दहा दिवस आधी नालबंदाकडून खूर कापून घेतले, नाल उतरवले. वाढलेले खूर उंची फुगवतात आणि घोडीचं उभं राहणंही बिघडवतात. घरी टेपनं ६१ इंच भरलेली घोडी परीक्षकांच्या काठीनं ५९.५ भरली. टेप खांद्याच्या फुगवट्यावरून वळसा घेतो, म्हणून जास्त दाखवतो. आडवी पट्टी असलेली सरळ काठी हवी आणि खाली सपाट कोबा. पुढचे पाय एका रेषेत, मान ताणलेली किंवा झुकलेली नको. मोजायचं ते मानेच्या मुळाशी पाठीच्या उंचवट्यापर्यंत.

मारवाडीचे कान आत वळून टोकाला टोक भिडतं, हे खरं. पण काठियावाडी या दुसऱ्या जातीच्या घोड्यांचेही कान तसेच असतात. म्हणून परीक्षक चेहरा पाहतात. मारवाडीची नाकाची रेषा सरळ किंवा किंचित बाहेर आलेली, काठियावाडीची बहुधा खोलगट.

मग आधी चालवून, नंतर दुडक्या चालीनं पळवून दाखवायचं, जाताना आणि येताना. इथं बहुतेकांची चूक होते : दोर आखूड धरतात. डोकं एका बाजूला ओढलं जातं आणि चांगल्या पायांची घोडीसुद्धा तिरकी चालते. दोर सैल सोडल्यावर मागचे गुडघे आत वळतात का, ते स्वच्छ दिसतं. हा दोष शिंगरात उतरू शकतो, म्हणून तो लपवू नये.

भोवऱ्यांची नोंद शुभ-अशुभासाठी नसते. अंगावर पांढरा ठिपका नसलेल्या कुमैत (तांबूस-तपकिरी) घोडीची ओळख भोवऱ्यांच्या जागेवरूनच पटते. शेवटी थंड डाग देऊन क्रमांक उमटवतात : केस भादरून, अतिथंड केलेला साचा काही सेकंद दाबतात. रंग देणाऱ्या पेशी मरतात आणि तिथं पांढरे केस येतात. पांढऱ्या घोड्यावर हा क्रमांक नीट दिसत नाही.

शिंगराच्या नोंदणीसाठी घोडीला घोडा दाखवल्याची (मीलनाची) तारीख लिहून ठेवा. गाभणकाळ साधारण ११ महिन्यांचा. तारीख जुळली नाही तर बापाबद्दल शंका येते. डीएनएसाठी आयाळीचे केस कात्रीनं कापू नका, मुळासकट उपटा आणि कागदी पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरून नमुना खराब होतो.