थार, गुरखा की जिम्नी? आमच्या शेवटच्या तीन किलोमीटरसाठी

गेल्या वर्षी जुलैमधे रात्री अकराच्या सुमारास सासूबाईंना दम लागला, दवाखान्यात न्यायचं होतं, आणि आमची छोटी गाडी वाडीपासून अर्ध्या किलोमीटरवर चिखलात रुतली. सासुरवाडी तोरण्याच्या मागच्या अंगाला. डांबरी संपली की पुढे तीन किलोमीटर कच्चा रस्ता, दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, मधे एक ओढा आणि शेवटी दमवणारा चढ. मेव्हण्याने चाकाखाली दगड टाकले, पेंढा टाकला, चाकाने सगळं मागे भिरकावून दिलं. एक चाक जागच्या जागी गरगर फिरतंय आणि दुसरं ढिम्म. शेवटी शेजारच्या काकांचा ट्रॅक्टर आला, टोचन लावलं तेव्हा निघालो. सासूबाई बऱ्या झाल्या, पण गाडी बदलायची हे मी त्याच रात्री ठरवलं.

ते एकच चाक का फिरत होतं हे कळलं की अर्धी निवड तिथेच होते. साध्या गाडीचं डिफरेन्शियल, म्हणजे इंजिनाची ताकद डाव्या-उजव्या चाकांत वाटणारा भाग, ज्या चाकाला पकड नाही त्यालाच फिरू देतं, आणि पकड असलेलं चाक गप्प बसतं. म्हणून माझ्यासाठी दोन गोष्टी पक्क्या होत्या, फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद, तीही लो रेंजसकट (वेग कमी करून ओढ वाढवणारे गिअर), आणि घसरणाऱ्या चाकाला आवरायची काहीतरी सोय. मित्र म्हणाला थार घे, मागच्या चाकांवर चालणारी स्वस्त पडते. २०२३ पासून ती मिळते, शहरात आणि हायवेला छान आहे, पण तिच्यात लो रेंज नाही, आणि मला रुबाब नको होता, वाडीपर्यंत पोचायचं होतं.

मग उरल्या तीन. महिंद्राची फोर बाय फोर थार, फोर्सची गुरखा आणि मारुतीची जिम्नी.

गुरखा बघितली आणि मन तिथेच अडकलं होतं, खरं सांगतो. पुढे आणि मागे दोन्हीकडे डिफ लॉक (डावं-उजवं चाक एकत्रच फिरायला लावणारं कुलूप), हाताने लावायचे, स्नॉर्केल, म्हणजे इंजिनाला वरून हवा देणारी उंच नळी, कंपनीतूनच, कंपनी ७०० मिलीमीटर पाण्यातून जाते म्हणते. ज्यांना नदीपात्रात, जंगलात, रोज दगडधोंड्यातून जायचंय त्यांनी दुसरं काही बघू नये असं माझं मत आहे. थार डिझेलला ३०० न्यूटन मीटर टॉर्क (चाक फिरवायची ओढ), गाडीच्या पोटाखाली २२६ मिलीमीटर मोकळी जागा, चढाला इंजिन दमतच नाही, आणि नाशिकला बनते त्यामुळे स्पेअर कुठेही मिळतात. जिम्नीला फक्त पेट्रोल, टॉर्क १३४ म्हणजे थारच्या निम्म्यापेक्षा कमी. कागदावर बघितलं तर जिम्नी कुठेच बसत नाही.

पण मी टेप घेऊन रस्ता मोजायला गेलो. ओढ्याच्या अलीकडे दोन खाचरांच्या बांधांमधे रस्ता इतका अरुंद आहे की समोरून बैलगाडी आली तर एकाला मागे जावं लागतं. थार आणि गुरखा दोन्ही १८०० मिलीमीटरच्या वर रुंद, जिम्नी १६४५. तिथे ते वीतभर अंतर म्हणजे कोणाचा तरी बांध ढासळणं किंवा न ढासळणं, आणि बांध ढासळला की खाचरातलं पाणी जातं, पाणी गेलं की भात जातं. दुसरं म्हणजे वजन. जिम्नी साधारण १२०० किलो, थार तिच्यापेक्षा कितीतरी जड. आमच्याकडची तांबडी माती पावसात लोण्यासारखी होते पण वीतभर खाली टणक मुरूम लागतो. हलकी गाडी आणि बारीक टायर चिखल कापून खालच्या मुरमाला लागतात, रुंद टायर वरच्या वर तरंगतं आणि घसरतं. जिम्नीत डिफ लॉक नाही, पण फिरणाऱ्या चाकाला गाडी स्वतःच ब्रेक लावते आणि ताकद दुसरीकडे वळवते, आमच्या रस्त्याला तेवढं पुरतं.

एका शोरूममधे लो रेंज टाकून दाखवा म्हटलं तर टेस्ट ड्राइव्ह फक्त डांबरीवरच देतो म्हणाले. लाखो रुपये द्यायचे आणि ज्यासाठी देतोय तेच बघायला मिळू नये, हे मला अजून पटलेलं नाही. शेवटी ओळखीतल्या एकाने स्वतःची जिम्नी दिली, ती घेऊन आमच्या चढावर गेलो, फोर एल म्हणजे लो रेंज, पहिला गिअर, ॲक्सिलरेटरवर पाय जेमतेम, आणि गाडी चालत्या माणसाच्या वेगाने वर आली. मेव्हणा बाजूने पायी चालत होता, चाकांकडे बघत.

घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, या तिन्ही गाड्यांमधे फोर बाय फोर टाकून कोरड्या डांबरीवर फिरू नका, पुढची मागची चाकं एकमेकांशी जखडतात, वळताना गाडी अडते आणि गिअरबॉक्सवर ताण येतो. आणि हात जोडून सांगतो, पावसाळ्यात सड्यांवर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारांवर, गाडी घालू नका. तिथली माती बोटभर, त्यावरच सगळी फुलं येतात, एकदा चाकोरी पडली की वर्षानुवर्षं तिथे काही उगवत नाही.

शेवटी जिम्नीच घेतली. यंदा ऑगस्टमधे तिच्यातून सासूबाईंना तपासणीला घेऊन दोनदा जाऊन आलो. ओढ्याला पाणी होतं, आधी काठीने खोली बघितली, मग गाडी घातली. कंपनीचे टायर हायवेचे आहेत, त्यांच्या खाचा मातीने लगेच भरतात, म्हणून दिवाळीनंतर ऑल टेरेन, म्हणजे डांबरी आणि कच्च्या दोन्ही रस्त्यांना चालणारे टायर, टाकणार आहे, साइज मात्र तीच बारीक ठेवणार.