२३ मे : सेल्बर्टबाईंचं एक वाक्य

बॉन. आज जर्मनीच्या राज्यघटनेचा वाढदिवस. सुट्टी नाही, की झेंड्यांची फारशी धामधूम नाही. ऑफिसच्या वाटेवर कोनिग संग्रहालय लागतं. १ सप्टेंबर १९४८ रोजी घटना लिहिणाऱ्या परिषदेचा उद्घाटन सोहळा तिथे झाला. पेंढा भरलेले प्राणी पडद्याआड ढकलून खुर्च्या मांडल्या म्हणे. युद्धात बेचिराख झालेल्या देशात धड छप्पर असलेला मोठा हॉल शोधायचा म्हणजे आणखी काय होणार!

परिषदेत ६५ सभासद, त्यांत बायका चार. त्या चौघींतली एलिझाबेथ सेल्बर्ट माझ्या डोक्यातून हलत नाही. मूळची कासेलची, पोस्टात नोकरी केलेली, संसार आणि मुलं सांभाळून उशिरा वकील झालेली. १९३३ मध्ये नाझींनी नवऱ्याची नोकरी घालवली, त्याला छावणीत डांबलं. १९३४ मध्ये हिला कशीबशी वकिलीची सनद मिळाली आणि त्यानंतर थोड्याच काळात स्त्रियांना वकिलीची दारं बंदच झाली. घर तिच्या वकिलीवर चाललं.

तिला घटनेत एकच वाक्य हवं होतं : पुरुष आणि स्त्रिया समान हक्काचे आहेत. मसुद्यात होतं ते जुन्याच वळणाचं, नागरिक म्हणून समान हक्क आणि कर्तव्यं, एवढंच. म्हणजे मत द्या, पण घरात नवऱ्याचं ऐका. त्या वेळच्या दिवाणी कायद्यात संसाराच्या सगळ्या बाबतींत अखेरचा शब्द नवऱ्याचा होता, अगदी राहायचं कुठे इथपर्यंत. विरोधकांचं म्हणणं, हे वाक्य घातलं तर अख्खा कुटुंब कायदा कोसळेल. मला यात गंमत वाटते. कोसळावा म्हणूनच तर ती ते घालत होती! तिच्याच पक्षाच्या फ्रीडरिके नाडिग यासुद्धा आधी बिचकल्या होत्या.

३ डिसेंबर १९४८ रोजी मुख्य समितीत प्रस्ताव पडला. मग बाई गावोगाव फिरल्या. पुरुष लाखोंनी मेलेले नाहीतर कैदेत, ढिगारे उपसणाऱ्या बायका, कारखाने चालवणाऱ्या बायका. त्यांना हे वाक्य समजावून सांगायला फार वेळ लागला नसावा. टोपल्या भरभरून निषेधाची पत्रं बॉनला आली असं सांगतात. आख्यायिकेचा भाग सोडला तरी १८ जानेवारी १९४९ रोजी त्याच समितीने ते वाक्य मान्य केलं, हे खरं.

पण माझ्या मते खरी गोष्ट इथून पुढची आहे. जुने कायदे बदलायला संसदेला ३१ मार्च १९५३ पर्यंत मुदत दिली होती. संसदेने ती सरळ उलटू दिली. मग काही वर्षं न्यायाधीशच घटनेतल्या त्या वाक्यावर बोट ठेवून निकाल देत राहिले. कायदा झाला १९५७ मध्ये, अमलात आला १९५८ मध्ये, आणि त्यातही मुलांच्या बाबतीत आईवडिलांचं जुळलं नाही तर शेवटचा निर्णय बापाचा! तो घटना न्यायालयाने १९५९ मध्ये रद्द केला.

आपल्याकडेही तेव्हा तेच चाललं होतं. संविधानात समानता आली, पण हिंदू कोड बिल रखडलं आणि १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं. पुढे १९५५-५६ मध्ये ते तुकड्यातुकड्यांनी मंजूर झालं. दोन्हीकडे समानतेचं वाक्य आधी आलं, घरातला कायदा मागाहून, कुरकुरत.

पश्चिम जर्मनीत बायकोने घराची जबाबदारी सांभाळूनच बाहेर नोकरी करावी, ही अट तर १९७७ पर्यंत टिकली. सेल्बर्टबाई पहिल्या संसदेत निवडून आल्या नाहीत, घटना न्यायालयावरही त्यांना कोणी घेतलं नाही. ती अट गेली तेव्हा त्या ऐंशी वर्षांच्या होत्या आणि कासेलमध्ये वकिलीच करत होत्या.