हो, मी ‘लीव्ह’वर फुली मारली होती

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मंडळाच्या गणपतीत, पुण्यात जेवणाच्या पंगतीत, एकदा तर विमानात शेजारच्या सीटवरून हाच प्रश्न आला: “तुम्ही स्वतःच बाहेरून आलेल्या, मग ब्रेक्झिटला मत दिलंत कसं?” २०१६ च्या सार्वमतात ब्रिटनने युरोपियन युनियन सोडावी, म्हणजे ‘लीव्ह’, या बाजूने मी मत दिलं होतं. दरवेळी मी विषय बदलते. आता नाही बदलणार.

लंडनजवळच्या आमच्या स्लाउमध्ये ५४ टक्के लोकांनी तेच मत दिलं, त्यांना कुणी असं उभं करून विचारत नाही. माझा पासपोर्ट तेव्हा भारतीयच होता, पण कॉमनवेल्थच्या, म्हणजे राष्ट्रकुलाच्या, नागरिक म्हणून आम्हाला सार्वमतात मत होतं. शेजारच्या पोलिश कुटुंबाला अकरा वर्षं इथे राबून, कर भरूनही नव्हतं. खरं सांगायचं तर मला त्यात तेव्हा काहीच वावगं वाटलं नाही. एका तरी रांगेत आपण पुढे आहोत, एवढंच वाटलं.

कारण होतं आई. वडील गेल्यावर ती वाईत एकटी. न्हाणीघरात पडली, मग काठी आली. २०१२ पासून म्हाताऱ्या आईवडिलांना इथे कायमचं आणण्याचे नियम इतके आवळले होते की आमचा अर्ज फेटाळला गेला. तिथे पगारी बाई ठेवता येईल, असा एकूण अर्थ. त्याच वसंतात त्या पोलिश शेजाऱ्याची आई आली. युरोपियन युनियनच्या नागरिकांना व्हिसा लागत नव्हता. ल्यूटन विमानतळापर्यंतचं तिकीट आणि एक बॅग, बस. भांडी घासताना खिडकीतून मला ती दिसायची, मागच्या अंगणात खुर्ची टाकून मटार सोलताना. पोटात तुटायचं. तेव्हा ‘लीव्ह’च्या बाजूच्या मंत्री प्रीती पटेल सांगत होत्या की युरोपातून बाहेर पडलो तर आपल्या रेस्टॉरंटना भारतातून स्वयंपाकी आणता येतील. मला वाटलं, स्वयंपाक्याला दार उघडेल तर आईलाही उघडेल.

२३ जून २०१६ ला धो धो पाऊस होता. दोरीला बांधलेल्या शिसपेन्सिलीने फुली मारली आणि घरी येऊन कुकर लावला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारी कुंपणापाशी आला. त्याच्या मुलीने शाळेतून आल्या आल्या विचारलं होतं, आपल्याला जावं लागेल का? ते सांगून तो म्हणाला, “तुम्हाला तर मत होतं. दिलंत ना आमच्या बाजूने?” मी म्हटलं, “हो, अर्थातच.” हो वर ‘अर्थातच’ही जोडलं. मागून त्याची आई आली आणि तिने कुंपणावरून स्ट्रॉबेरीचं भांडं माझ्या हातात दिलं. तिला इंग्रजी येत नव्हतं, नुसतं माझं मनगट दाबलं. वाईच्या बाजारात आईबरोबर घ्यायचो तशी बारीक, लालभडक फळं. मुलांनी फस्त केली. माझ्याच्याने एक तोंडात घालवली नाही. २०१८ मध्ये ते घर विकून गेले. खरं मी त्यांना कधीच सांगितलं नाही.

आणि हेही सांगते, कारण तुम्ही ते म्हणणारच आहात: तो नियम ब्रुसेल्सचा, म्हणजे युरोपियन युनियनचा, नव्हताच, लंडनच्या सरकारचा होता. तो आणला तेव्हा गृहमंत्री थेरेसा मे होत्या आणि सार्वमतानंतर तीन आठवड्यांत त्याच पंतप्रधान झाल्या. १५ जानेवारी २०१९ ला युरोपियन युनियन सोडण्याचा त्यांचा करार संसदेत २३० मतांनी पडला, ते मी रात्री टीव्हीसमोर बसून पाहिलं. आई त्याच वर्षी भाद्रपदात गेली. थेरेसा मे यांच्यापासून कीर स्टार्मर यांच्यापर्यंत पाच पंतप्रधान झाले, आईवडिलांच्या नियमाला कुणी हात लावला नाही.

पण मी पूर्ण चुकले, असंही मला म्हणवत नाही. २०२१ मध्ये नोकरी, पगार, इंग्रजी यांचे गुण मोजून देणारा व्हिसा आला आणि भारतातली आपली मुलं खरंच आली. माझा भाचा त्यातलाच. मात्र युरोपियनांवरचा राग आता आमच्याकडे वळलाय. सप्टेंबर २०२५ मध्ये रिफॉर्म यूके या स्थलांतरविरोधी पक्षाने जाहीर केलं, सत्तेवर आलो तर कायमच्या वास्तव्याचा परवानाच रद्द करू. त्या रात्री भाच्याचा फोन आला, “मावशी, आम्हाला जावं लागेल का?”

मी त्याला कुंपणाची सगळी गोष्ट सांगितली, पहिल्यांदाच. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आणि आजीला तरी आणता आलं का?”

म्हटलं, नाही रे. पण त्या वर्षी माझ्या हातात दुसरं होतं तरी काय, एका पेन्सिलीशिवाय?