स्विंगआर्मवरच्या खुणा आणि दीड मिलिमीटर

माझ्या ६०० सीसीच्या बाईकचा डाव्या बाजूचा चेन अ‍ॅडजस्टर गेले काही महिने हलायलाच तयार नव्हता. मागचं चाक मागे-पुढे सरकवून चेन ताणायचा हा भाग. स्टीलचा बोल्ट, अ‍ॅल्युमिनियमचा स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) आणि मध्ये साचलेलं पाणी. असे दोन धातू ओले राहिले की अ‍ॅल्युमिनियम कुरतडलं जातं आणि पांढरी भुकटी आट्यांत घट्ट बसते. दोन दिवस तेल मुरवलं, पाना जरा पुढे, जरा मागे असं करत करत बोल्ट बाहेर काढला. स्विंगआर्मचे आटे शाबूत निघाले तेव्हा जीव भांड्यात पडला. तिथले आटे गेले असते तर काम फार वाढलं असतं.

नवे अ‍ॅडजस्टर अखंड अ‍ॅल्युमिनियममधून कोरलेले आहेत. खाचेत गच्च बसतात, रेघा बारीक आणि स्वच्छ आहेत. मूळचे धड असते तर मी बदलले नसते, त्यांनीही काम भागतंच.

बसवणं अवघड नाही. बाईक पॅडॉक स्टँडवर (मागचं चाक उचलून धरणारा), एक्सलचा म्हणजे चाकाच्या आसाचा नट काढला, चाक पुढे ढकलून चेन उतरवली. चाक काढण्याआधी दोन्हीकडच्या स्पेसरचा फोटो घेतला आणि एबीएस सेन्सरच्या वायरला ताण येणार नाही असं पाहिलं. बोल्टच्या आट्यांना पुन्हा जाम होऊ नयेत म्हणून अँटीसीझ पेस्ट लावली. चाक परत चढवताना मागच्या ब्रेकच्या कॅलिपरचा ब्रॅकेट स्विंगआर्मच्या खाचेत नीट बसलाय ना, हे मी हात लावून पाहतो, नुसतं डोळ्यांनी नाही.

खरा वेळ गेला तो पुढे. दोन्ही बाजू स्विंगआर्मवरच्या खुणेच्या एकाच रेघेवर आणल्या आणि मागून चेनच्या रेषेत पाहिलं, तर ती किंचित तिरकी वाटली. म्हणून स्विंगआर्मच्या पिव्हटच्या (तो ज्यावर वर-खाली हलतो त्या आसाच्या) मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत दोन्हीकडे माप घेतलं. दीड मिलिमीटरचा फरक! म्हणजे इतकी वर्षं मी खुणांवर विसंबून चाक वाकडं बसवत होतो, आणि जुन्या स्प्रॉकेटचे (चेन चालवणाऱ्या दातेरी चकतीचे) दात एकाच अंगाने का झिजले होते ते आता कळलं. आठ मिलिमीटरच्या बोल्टचा आटा सव्वा मिलिमीटरचा असतो, म्हणजे षटकोनी डोक्याची एक बाजू फिरवली की एक्सल साधारण ०.२ मिलिमीटर सरकतो. त्या हिशोबाने डावी-उजवी बाजू जुळवली.

मग झोल, म्हणजे चेन मध्यावर वर-खाली किती हलते ते. माझ्या बाईकवरच्या स्टिकरवर २५ ते ३५ मिलिमीटर दिलंय. खालच्या चेनच्या मध्यावर ३२ आला, नट टॉर्क रेंचने आवळला आणि पुन्हा पाहिलं तर २६. नट आवळताना एक्सल मागे सरकला होता. पुन्हा ढिला केला. या वेळी मागचं स्प्रॉकेट आणि खालची चेन यांच्यामध्ये फडकं घालून चाक पुढे फिरवलं, म्हणजे एक्सल पुढे अ‍ॅडजस्टरवर दाबून बसतो, आणि तसंच धरून नट आवळला. ३२ ला ३२ राहिला. हे सगळं इंजिन बंद ठेवून, चाक हाताने फिरवत. इंजिन चालू आणि बाईक गिअरमध्ये असताना चेनजवळ बोट नेऊ नका, कधीच नाही.

चेन सगळीकडे सारखी नसते, म्हणून चाक फिरवून चार-पाच ठिकाणी मापलं आणि सगळ्यात ताठ जागा धरली. मग पट्टा बांधून, तो आवळत मागचं सस्पेन्शन दाबत नेलं. पुढचं स्प्रॉकेट, पिव्हट आणि एक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत ताणलेली असते. तिथेही थोडी ढिलाई शिल्लक होती. ती नसेल तर प्रत्येक खड्ड्यात गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगला ओढ बसते. चेन सैल दिसली की लगेच ताणू नका असं मी मित्रांना पुन्हापुन्हा सांगतो, ते यासाठीच.

१०० किलोमीटर चालवून परत मापलं: ३२. बोल्ट जागी धरणारे लॉकनट जागचे हलले नव्हते.